एक छत्री, सहा घरं

रविवार, २४ मार्च २०१३. सकाळी.
केबलवाला येऊन गेला. एक तारखेपासून डबा बसवल्याशिवाय टीव्ही दिसणार नाही म्हणे. डबा आपण विकत घ्यायचा, वर महिन्याचं भाडं चालूच. दारातूनच वाटेला लावला. चहासुद्धा विचारला नाही.

तोच. दुपारी.
जेवताना निश्चय केला. केबल बंद. गच्चीवर फुकट चॅनेलांची एकच छत्री बसवायची, तिथून सहाही फ्लॅटना वायर सोडायची. एकदा खर्च, मग जन्मभर शून्य. मनोहर अपार्टमेंटचा सेक्रेटरी म्हणून जानेवारीत निवडून आलो, तेव्हापासून काहीतरी भरीव करायचं मनात होतंच. माझी सगळी नोकरी फर्दापूरच्या गेस्ट हाऊसवर गेली. लेणी बघायला आलेल्या जपानी पाहुण्यांना बादलीभर गरम पाणी ठरल्या वेळी पोचवणारा माणूस आहे मी. घरी रविवारपुरता यायचो. त्यामुळे इथं सगळा बेशिस्त कारभार माजला.

पद्मजाची हरकत: छत्रीवर लोकल चॅनेल दिसतं का?

हे लोकल चॅनेल म्हणजे नगरसेवकांचे वाढदिवस, साड्यांचे सेल आणि हरवलेली म्हैस. ही ते रोज संध्याकाळी आवाज बंद करून बघते. खाली पट्टी फिरते ना, ती वाचते. कोणत्या भागाला नळ कधी येणार ते त्या पट्टीत असतं. मग ही सगळ्या बिल्डिंगला सांगणार आणि वेळेवर खाली जाऊन मोटर लावणार. मोटर लावली नाही तर गच्चीवरच्या टाकीत थेंब चढत नाही, हे खरं. पण त्यासाठी केबल?

हिचं म्हणणं, यंदा दुष्काळ आहे, नळ चार-चार दिवसांनी तासभर येतो, घरात बाळंतीण आहे. (आमची लेक पहिलटकरीण. नात तीन आठवड्यांची. सुरेख आहे. नाक माझं.) शिवाय एकवीस एप्रिलला बारसं. नांदेडहून व्याही आणि त्यांचा सगळा गोतावळा. पाणी चुकलं तर लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

म्हणालो, पाण्याचं मी बघतो. मोटरच्या खोलीची किल्लीही तिच्याकडून ताब्यात घेतली. ती सेक्रेटरीकडेच हवी. पद्मजा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वास असावा.

मंगळवार, २६ मार्च.
क्रांती चौकात बद्रीनाथच्या दुकानी गेलो. छत्र्या, डबे, वायरी, सगळं त्याच्याकडे. लोकल चॅनेलचं विचारलं. तो म्हणाला, साहेब, दिल्लीचं पकडतंय तर आपल्याच गावच्या हवेतलं का नाय पकडणार? माणूस शास्त्रीय बोलतो. तिथंच ऑर्डर दिली.

संध्याकाळी जिन्यात मीटिंग घेतली. चार घरं लगेच तयार. तळमजल्यावरचा कारभारी नाही म्हणाला. अजिंठ्याकडचा शेतकरी गडी, वाळूजला कंपनीत लागला आहे. काका, मी आपला डबाच घेतो, फुकटातलं लई महाग पडतंय, असं सगळ्यांसमोर बोलला. तंत्रज्ञानाची भीती, दुसरं काय. वरच्या मजल्यावरच्या वच्छलाबाईंनी एकच अट घातली: उन्हाळ्यात गच्चीवर त्यांचं वाळवण असतं, छत्रीची सावली त्यावर पडता कामा नये. मान्य केली. लोकांना दूरदृष्टी नसते.

बोर्डावर खडूनं लिहिलं: एक छत्री, सहा घरं. सध्या पाचच आहेत. सहावं आपल्या पायांनी येईल.

गुरुवार, २८ मार्च.
छत्री बसली! पाण्याच्या टाकीला लागून. बद्रीनाथ वर फिरवतोय, मी जिन्यात, पद्मजा टीव्हीसमोर. तो वरून ओरडायचा दिसलं का, ही खालून सांगायची मुंग्या, मी मधून वर कळवायचो मुंग्या. दुपारपर्यंत घसा बसला. शेवटी चित्र आलं. भाषा कुठली ते कळलं नाही पण चित्र एकदम क्लिअर.

लोकल चॅनेल अजून नाही. बद्रीनाथ म्हणाला, दोन दिवस जाऊ द्या, छत्रीला सवय व्हायला पाहिजे.

रविवार, ३१ मार्च. संध्याकाळी.
केबल कायमची तोडली. मनात अभिमान.

तोच. जरा वेळानं.
एक तांत्रिक मुद्दा निघाला. डबा एकच, तोही माझ्या घरी. त्यामुळे मी जे लावीन तेच पाचही घरांत दिसतं. मी करडईवरच्या किडीची चर्चा बघत होतो. वच्छलाबाई दम खात खाली आल्या आणि म्हणाल्या, माझ्या मालिकेत सून घर सोडून चाललीय आणि मला अळ्या दिसायल्यात. बद्रीनाथला फोन केला. एका डब्यात एकच चॅनेल चालतंय, हे तर पयलंच सांगितलं व्हतं, म्हणाला. सांगितलं नव्हतं.

पण नीट विचार करता हे जास्तच चांगलं. संपूर्ण इमारत एका वेळी एक गोष्ट बघते. एकोपा वाढेल.

मंगळवार, २ एप्रिल.
टाइमटेबल करून जिन्यात लावलं. सकाळी भक्ती, दुपारी महिला, संध्याकाळी बातम्या, मग विचारप्रवर्तक. दुसऱ्या मजल्यावरून मॅचची मागणी आली. फेटाळली. कुणीतरी टाइमटेबलखाली पेनानं लिहिलंय, ‘तुरुंगातबी यापरीस बरं दाखवतात’. अक्षर ओळखायचा प्रयत्न चालू आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल.
काल नळ आला, टाकी भरली. मोटर मीच लावली. वेळ मात्र कारभारीची बायको साळूबाई जिन्यात येऊन सांगून गेली. त्यांच्याकडे पट्टी दिसते. पद्मजाला बजावलं की हे पुन्हा नको. सेक्रेटरीच्या घरानं तळमजल्यावरच्या केबलवर पाणी भरायचं? काही इज्जत?

त्यावर उपाय केला. नळ सोडणाऱ्या लाइनमनलाच गाठलं. चहा, पोहे, वर शेवेची पुडी. पट्टी कुणाला विचारून लिहितात? यालाच. मग मुळाशीच गेलेलं काय वाईट? तो म्हणाला, सोमवारी संध्याकाळी सोडतो. पद्मजा म्हणाली, तो सगळ्यांना तेच सांगतो. स्त्रियांना थेट संपर्काचं महत्त्व कळत नाही.

सोमवार, ८ एप्रिल. दुपारी ३.
नीट लिहून काढतो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

नळ संध्याकाळी येणार होता. म्हणून सकाळी बद्रीनाथकडे गेलो. लोकल चॅनेलवरून त्याची खरडपट्टी काढायची होती. तिथं असताना कारभारीचे फोनवर फोन. उचलले नाहीत. हा माणूस टोमणे मारायलाच फोन करतो. दुकानात बसलेलो असताना टोमणे कशाला ऐकायचे?

नळ अकराला आला. मोटरच्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्या खिशात, क्रांती चौकात.

घरी पोचलो तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यात उभी. कारभारी कुलूप तोडायला निघाला होता म्हणे. पद्मजानं त्याला अडवलं, ते येतीलच म्हणाली. मी आलो तेव्हा नळाला नुसता फुस्सफुस्स आवाज होता. टाकीत वीतभर पाणी. मी लाइनमनचं सांगायला लागलो तर एकेक जण आत निघून गेला.

तोच. संध्याकाळी.
बाळाचे लंगोट बादलीत भिजलेले तसेच पडून आहेत. साळूबाईनं दोन घागरी आणून दारात ठेवल्या. लेक म्हणाली, बाबा, उद्या बाळाला पुसूनच घेते, अंघोळ राहू दे. रागानं म्हणाली नाही. तेच जास्त लागलं.

मंगळवार, ९ एप्रिल.
सकाळी चित्त थाऱ्यावर आलं. नऊ मिस्ड कॉलपैकी एकातही ‘पाणी आलंय’ असं कुणी सांगितलेलं नाही. हे लक्षात घेण्यासारखं आहे.

टँकरला फोन केला. नंबर पंधरवड्यानंतर लागेल म्हणाले. बारसं बारा दिवसांवर. वच्छलाबाईंनी त्यांची वायर उपटून माझ्या दाराच्या कडीला गुंडाळून ठेवली.

गुरुवार, ११ एप्रिल. पाडवा.
गुढी उभारली. संकल्प: (१) किल्ली गळ्यात. (२) फोन कुणाचाही असो, उचलायचा. (३) बारशापर्यंत लोकल चॅनेल छत्रीवर आणून दाखवायचं, नाहीतर सेक्रेटरीपद सोडायचं. पद्मजाला तिसरा वाचून दाखवला. ती कडुलिंब वाटत होती. वाटत राहिली.

शुक्रवार, १२ एप्रिल.
पहाटेपासून मोटरच्या खोलीपाशी स्टूल टाकून बसलो. लाइनमन म्हणाला होता, आज नक्की, वेळ नाही सांगता येत. डबा तिथंच खाल्ला. येणारे-जाणारे माझ्याभोवतीनं वळसा घालून जात. दुपारी डोळा लागला. साळूबाईनं खिडकीतून हाक मारली, काका, उठा, पाणी सुटलंय! मोटर लावली. टाकी भरली. पूर्ण.

जागरूकतेला पर्याय नाही.

रविवार, १४ एप्रिल.
चारच्या सुमारास वावटळ सुटली. पत्रे वाजले, कुणाची तरी गादी उडाली. छत्री पूर्ण फिरून टाकीकडे तोंड करून बसली. पाना घेऊन गेलो. एक नट सुटला तो खाली कुणाच्या तरी मोगऱ्यात पडला. टीव्ही काळा.

बद्रीनाथचा फोन बंद.

मंगळवार, १६ एप्रिल.
टीव्ही काळाच. नळ आला, कारभारीनं सांगितलं, मी मोटर लावली. त्याच्या तोंडावर हसू होतं का ते बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र उल्लेखनीय. टीव्ही बंद होऊन दोन दिवस झाले, तरी एकाही घरातून तक्रार नाही. वच्छलाबाई नाहीत, मॅचवाला नाही. उलट संध्याकाळी सगळी दारं लागलेली, आत शांतता. टीव्हीचं व्यसन सुटलं! माझ्या टाइमटेबलचा हा परिणाम अपेक्षित नव्हता, पण स्वागतार्ह आहे.

केबलवाला मात्र दिवसभर जिन्यात दिसतो. जुनी बाकी वसूल करत असणार.

बद्रीनाथला मेसेज टाकला: उद्यापर्यंत आला नाहीस तर ग्राहक मंचात खेचतो. शब्द जळजळीत वापरले. पद्मजाला वाचून दाखवला. तिनं विचारलं, उद्या तुम्ही घरी आहात का? म्हणालो, नाही, पाळणा बघायला जातोय. बरं, म्हणाली.

बुधवार, १७ एप्रिल. दुपारी ४.
विजय! विजय!! विजय!!!

पाळणा घेऊन आलो तर टीव्ही चालू. आणि टीव्हीवर काय? साड्यांचा सेल! हरवलेली म्हैस! खाली पट्टी! लोकल चॅनेल, काचेसारखं स्वच्छ. शिवाय आणखी शेकडो चॅनेल.

पद्मजानं सांगितलं की माणूस आला होता, डबा बदलून गेला. बद्रीनाथ मेसेज वाचून घाबरला असणार. आधीचा डबा सदोष होता हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. नवा डबा चांगला जाड आहे. वायरही नवी, खिडकीतून खाली गेली आहे. का खाली, असं विचारलं तर ती म्हणाली, अर्थिंग असेल. बरोबर. विजेच्या दृष्टीनं ते आवश्यकच.

तिसरा संकल्प पूर्ण. बारशाला चार दिवस बाकी असताना.

गुरुवार, १८ एप्रिल.
कारभारीला जिन्यात गाठलं. सांगितलं, तुम्ही डब्याला पैसे घालता, मी तेच चॅनेल फुकट बघतो. आता मान्य? तो म्हणाला, व्हय काका, तुमचं डोकंच येगळं. आणि पटकन घरात गेला. आतून साळूबाईच्या खोकल्याचा आवाज. हवेत धूळ फार आहे.

वच्छलाबाईंना म्हणालो, वायर पुन्हा लावून देतो. नको, म्हणाल्या, माझं बरं चाललंय. तोंडाला पदर लावला होता. संकोच. झालं गेलं मी मनात ठेवत नाही.

शनिवार, २० एप्रिल. सकाळी.
उद्या बारसं. टाकी निम्म्याखाली. व्याही आज रात्रीच्या गाडीनं निघतात. लाइनमनशी बोलणं झालं: उद्या सकाळी सातला पाणी. म्हणजे स्वयंपाकाला अगदी ताजं. सगळं घड्याळासारखं चाललं आहे.

तोच. संध्याकाळी.
लिहायला आत्ता बसलो.

दोनच्या सुमारास पद्मजा टीव्हीसमोरून उठून आली. पट्टीत आलं होतं: पाइपलाइन फुटली, उद्याचं पाणी रद्द, आमच्या भागाला आज तीनला मिळेल तेवढंच. मी म्हणालो, शक्य नाही, माझा माणूस प्रत्यक्ष सांगून गेला आहे, आणि मी आत्ता आचाऱ्याकडे निघालोय. आत बाळ रडत होतं. ही दारात उभी राहिली. नुसता हात पुढं केला.

गळ्यातली किल्ली काढून दिली. का दिली ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांत तिला असा हात पुढं करताना मी बघितलं नव्हतं.

आचाऱ्याकडे गेलो नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. तीन वाजले, नळ कोरडा. सव्वातीन. म्हणालो, बघ. ती स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. मग नळ खोकला, थुंकला आणि गढूळ धार आली. मोटर लागली. वर गेलो, टाकीचं झाकण उघडून बघत बसलो. काठोकाठ भरेपर्यंत नजर पाण्यावरून हलवली नाही. लाइनमनचा फोन लागत नाही.

उद्याच्या भरवशावर बसलो असतो तर? व्याही दारात, आणि टाकीत खडखडाट.

मात्र नोंद करायला हवी: पाणी कशामुळं मिळालं? पट्टीमुळं. पट्टी कशामुळं दिसली? छत्रीमुळं. छत्री कुणी आणली?

रविवार, २१ एप्रिल.
बारसं झालं. लेकीच्या डोळ्यांत पाणी, बाकी सगळीकडे बादल्यांत. व्याही म्हणाले, आमच्याकडे पाहुण्यांना तांब्याभर द्यायची मारामार, तुम्ही कसं जमवलं? मग मी उभं राहून चार शब्द बोललो. छत्रीचं तंत्र, एक छत्री सहा घरं, ग्राहकाचे हक्क. सगळी बिल्डिंग ऐकत होती. कारभारी मध्येच पत्रावळी उचलायला गेला, जेवणं व्हायची होती तरी. पद्मजा नातीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होती. बहुधा नाव.

व्याह्यांनी नांदेडच्या सोसायटीसाठी सल्ला मागितला आहे. त्यांना सगळं सविस्तर लिहून पाठवीन.

मंगळवार, २३ एप्रिल. संध्याकाळी.
व्याह्यांना लिहायचं तर डब्याची कंपनी कळायला हवी. शिवाय उपकार ठेवून घेणारा मी नव्हे. बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे घेऊन बद्रीनाथकडे गेलो.

मला बघून तो काउंटरच्या मागं झाला. साहेब, मंचात नका जाऊ, म्हणाला, सासरवाडीत मयत झाली व्हती, यायला जमलंच नाय, उद्या नक्की येतो. मी विचारलं, सतरा तारखेला डबा बदलून गेलास ना? तो म्हणाला, कुठला डबा?

घुगऱ्या त्याला देऊन टाकल्या. पेढे हातातच राहिले.

घरी आलो, सरळ गच्चीवर गेलो. छत्री खांबावर नव्हती. टाकीच्या पलीकडे, उन्हात, पाठीवर पडली होती. तोंड आभाळाकडे. वायर कशालाच जोडलेली नाही. वाटीवर पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं कुरडया. वच्छलाबाई काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. रविवारी पाहुणे यायचे म्हणून उचललं होतं हो, काल परत घातलं, असं आपणहून सांगितलं. भांड्याला खोलगटपणा चांगला आहे, ऊन मध्यावर येतं, म्हणाल्या.

खाली वाकून बघितलं. आमच्या खिडकीतून निघालेलं अर्थिंग कारभारीच्या खिडकीवरून केबलच्या खांबाला गेलं होतं. दुसऱ्या मजल्याचंही. वच्छलाबाईंचंही. सगळ्यांचीच अर्थिंगं.

पद्मजाला विचारलं. ती नातीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर होती, आवाज बंद. म्हणाली, सगळ्यांनी डबे घेतले तेव्हा मीही घेतला, भाडं माझ्या शिवणाच्या पैशातून देते. लेक घरात होती, मला पाणी पाहिजे होतं. तुमच्याशी भांडायला वेळ नव्हता. मग रविवारी मी भाषण ठोकत होतो तेव्हा एकानंही का सांगितलं नाही? तर म्हणाली, मीच घरोघरी जाऊन सांगून आले होते, व्याह्यांसमोर कुणी हसायचं नाही.

वाईट वाटलं. फार वाटलं. पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं ठेवला. तिनं एक घेतला, अर्धा मला दिला, आणि पट्टीकडे बघत म्हणाली, उद्या पहाटे पाच. किल्ली तिच्याच कमरेला होती. ती मागितली नाही.

निदान छत्री तरी खाली आणून नीट ठेवावी, म्हणून पुन्हा वर गेलो. वच्छलाबाईंना विचारलं, नेऊ का?

त्या म्हणाल्या, आत्ता नाय. अजून दोन उन्हं लागतील.